कागदी, थुंकरी आणि बाकीची बिब्ब्याची झाडं

बिब्ब्याच्या झाडाखाली कुणी बसत नाही. आंब्याखाली बाज टाकतात, चिंचेखाली गुरं बांधतात, पण बांधावर बिब्बा उभा असला तर माणूस दोन पावलं वळसा घालून जातो. बिब्ब्याचं काळं तेल अंगाला लागलं की कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात. त्याला आमच्याकडे 'उतणं' म्हणतात. शनिवारी दुकानाच्या दारावर लिंबू-मिरचीबरोबर जे काळं फळ ओवतात तो हाच बिब्बा. आणि त्याच काळ्या कवटीच्या आत जी पांढरी, गोडसर बी निघते ती गोडंबी. बाळंतिणीच्या लाडवात गोडंबी कमी पडली तर घरोघरच्या सासवा तोंड वाकडं करतात. म्हणजे बी सगळ्यांना हवी, झाड कुणालाच नको. माझं भांडण इथूनच सुरू झालं.

मी वैरागच्या मागे, डोंगराच्या कडेला असलेल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. नवरा कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात, तो शनिवारी येतो. शेत मुरमाड. आमच्या आणि धाकट्या दिरांच्या वाटणीच्या मधे एक सामाईक बांध आहे आणि त्या बांधावर बिब्ब्याचं एक मोठं झाड. असे बिब्बे आमच्या शिवारात पुष्कळ. कुणी लावलेले नाहीत आणि कुणी तोडलेलेही नाहीत, कारण तोडायचं म्हटलं तरी हात लावावा लागतो.

गावात एक बाई आहे, तिला सगळे मावशी म्हणतात. लग्न होऊन आल्यापासून ती गोडंबी फोडते. मांडीखाली पोतं, समोर दगड, हाताला राख आणि तेल. एका टोल्यात कवटी उघडते, बी अख्खी बाहेर. तिच्या बोटांची टोकं कायमची काळी झालेली आहेत. त्या हातांमुळे गावातल्या लग्नात तिला पोळ्या लाटायला कुणी बसवत नाही. जेवायला मात्र शेवटच्या पंगतीला का होईना, बोलावतात.

माझ्या लेकीच्या बाळंतपणाला मी मावशीकडून दोनदा गोडंबी घेतली. पहिली टपोरी, दुधासारखी. दुसरी बारीक, सुरकुतलेली. मी पिशवी घेऊन तिच्या दारात गेले आणि म्हणाले, "मावशी, ही काय जुनी दिलीस का मला?"

तिनं पिशवीत हात घातला, दोन बिया तळहातावर घेतल्या. "जुनी न्हाय, बाई. झाड येगळं हाय. पयली तुमच्याच बांधावरची व्हती. ही वढ्याकडची."

"बी बघून झाड कळतं होय तुला?"

"कळतं की. बघायला तरी कशाला पायजे?"

मला खरं वाटलं नाही. पुढच्या आठवड्यात मी शिवारातल्या वेगवेगळ्या झाडांखालचे बिब्बे चिमट्यानं उचलले, वेगवेगळ्या डब्यांत ठेवले, डब्याखाली खूण केली आणि तिच्यापुढे मांडले. तिनं प्रत्येक डब्यातला एकेक फोडला. टोला हातात कसा येतो, कवटी कशी फुटते, तेल किती उडतं, एवढ्यावर तिनं झाडं सांगितली. हा देवळामागचा, हा खडीच्या रस्त्याचा, हा माळावरचा. एकही चुकला नाही. आणि प्रत्येक झाडाला तिनं मनातल्या मनात नाव ठेवलेलं होतं. आमच्या बांधावरचं झाड 'कागदी', कारण कवटी पातळ. ओढ्याकडचं 'थुंकरी', कारण फोडताना तेल तोंडावर उडवतं. एक 'सोशीक', त्याला कसंही मारलं तरी ते कुणाला उतत नाही. एक 'पोकळी', फळ दिसायला मोठं आणि आत वारा.

झाडाला किती फळ लागतं ते बांधाच्या मालकाला माहीत असतं. ते आतून कसं आहे हे फक्त फोडणारीला कळतं. हे मला त्या दिवशी समजलं, आणि खरं सांगते, राग आला. तिचा नाही, आमचा सगळ्यांचा. इतकी वर्षं ही बाई एक अख्खं शिवार डोक्यात घेऊन बसलेली आणि आम्ही तिला पोळपाटाला हात लावू देत नव्हतो.

"मावशी, हे मी लिहून घेते," मी म्हणाले.

"लिवून काय करशील? ह्यात काय लिवायचं असतंय?"

"ते मी बघते."

अंगणवाडीत मुलांच्या वजनाचं एक जुनं रजिस्टर कोरं पडलं होतं. नमुना बदलल्यामुळे ते बाद झालेलं. त्यात रकाने छापलेले होते: बालकाचे नाव, आईचे नाव, वय, वजन, शेरा. बालकाच्या जागी मी झाडाचं नाव लिहिलं, आईच्या जागी बांधाचा मालक. वजनाच्या रकान्यात शंभर बिब्ब्यांतून निघालेली गोडंबी. शेऱ्यात मावशी सांगेल ते: कधी पिकतो, किती उततो, फळाच्या देठाकडचा नारिंगी गर, ज्याला आम्ही फुलं म्हणतो, तो खायला कसा लागतो. रविवारी आम्ही दोघी हिंडायचो. पुढच्या हिवाळ्यापर्यंत आमच्याच नाही तर शेजारच्या दोन गावांची झाडंही वहीत आली. ज्यांनी बिब्ब्याकडे कधी मान वर करून पाहिलं नव्हतं ते बांधावर अडवून विचारायला लागले, "बाई, आमचं झाड कसल्या जातीचं निगालं?"

त्याच हिवाळ्यात गावात शेतकऱ्यांची एक सभा झाली. बाहेरून एक साहेब आले होते. फळझाडांवर बोलले, चांगलं बोलले. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले तेव्हा मी वही घेऊन उठले. साहेबांनी दोन पानं उलटली आणि हसले.

"बाई, तुमची हौस चांगली आहे. पण हे जंगली झाड. याच्यात जाती-बिती नसतात."

"मग एका झाडाची कवटी पातळ आणि दुसऱ्याची जाड का?"

"असतो थोडा फरक. त्याला शास्त्र म्हणत नाहीत."

मी मावशीला हाक मारली. ती मागे, चपला काढलेल्या ठिकाणी बसली होती. यायला तयार नव्हती. मी जाऊन दंडाला धरून आणली. पिशवीतनं डबे काढले; प्रत्येक बिब्ब्याच्या देठाला झाडाप्रमाणे रंगीत दोरा बांधलेला होता. साहेबांनाच म्हटलं, तुमच्या हातानं बिब्बे मिसळा. त्यांनी हात लावला नाही, तेव्हा सरपंचांनी चमचा आणून मिसळले. मावशीनं डोळ्यांवर पदर घेतला आणि फोडत गेली. कागदी. थुंकरी. कागदी. पोकळी. दर टोल्याला सरपंच दोऱ्याचा रंग बघून 'बरोबर' म्हणत होते.

साहेब म्हणाले, "कौतुकास्पद आहे. पण आमच्या यादीत हे पीकच नाही."

"यादी तुमची आहे साहेब," मी म्हणाले. "झाडं आमची आहेत."

एवढं बोलले आणि खाली बसले. मी तोवर सभेत कधी तोंड उघडलं नव्हतं.

ही गोष्ट सोलापूरच्या एका व्यापाऱ्यापर्यंत गेली. आमच्या भागातली बहुतेक गोडंबी तोच उचलायचा. एक दिवस तो गाडी घेऊन थेट घरी आला. दीर त्याच्याबरोबरच आत आले, म्हणजे दोघांचं आधी बोलणं झालेलं होतं हे मला कळलं.

व्यापारी फार गोड बोलला. वहीची पानं त्यानं हळूच, कडेला धरून उलटली. मग म्हणाला, "ताई, ही वही मला द्या. आणि दुसऱ्या कुणाला दाखवू नका. मी त्या कागदीची कलमं करून माझ्या रानात बाग लावतो. तुमच्या बांधावरचं झाड, नाव तुमचंच राहील."

"आणि बाकीच्यांना कलमासाठी काड्या मागायच्या असतील तर?"

"बाकीच्यांना कशाला? चांगला वाण चार जणांकडे गेला की त्याची किंमत राहत नाही."

मी वही त्याच्या हातातून घेतली. "वही द्यायची नाही," म्हणाले. "चहा घ्या."

तो गेल्यावर दीर उखडले. "वहिनी, आपल्या बांधावरचं झाड हाय. आपल्या घरात काय चार चांगलं येत आसंल तर तुमाला का खुपतंय? गावाला वाटायला आपण काय दानशूर हाय का?"

"भाऊजी, झाड आपलं आहे. पण ते चांगलं आहे हे तुम्हाला कधी माहीत होतं? बांधावर अडचण होते म्हणून तुम्हीच ते तोडायला निघाला होता की."

"तवा ठावं नव्हतं."

"मग ज्या बाईला ठावं होतं तिला विचारा, कुणाला द्यायचं."

शनिवारी नवरा आला. दिरांनी त्यांच्या कानावर सगळं आधीच घातलं होतं. हे मला म्हणाले, "घरात वाद कशाला वाढवतेस?" मी म्हणाले, "वाद मी वाढवत नाही. मी वही वाढवतेय." जेवण झाल्यावर मात्र त्यांनी वही मागून घेतली आणि ओटीवर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. सकाळी जाताना विचारलं, "हिच्या झेरॉक्सा काढायच्या तर किती काढायच्या?"

आम्ही शंभर काढल्या. बुधवारी वैरागचा बाजार असतो. मी रजा टाकली, मावशीला बरोबर घेतलं आणि बाजाराच्या तोंडाशी, बियाण्यांच्या दुकानापुढे सतरंजी टाकून बसले. डबे मांडले, पुढे पुठ्ठ्यावर लिहिलं: बिब्ब्याची झाडं ओळखा, वही फुकट. पहिला तासभर लोक लांबूनच हसत होते. एक म्हातारा म्हणाला, "बया, बिब्बा वाटायला बसलीस व्हय? कुणाला उतवायचा इचार हाय?" मावशी म्हणाली, "ज्याला फुकटचं पचत न्हाय त्याला." मग लोक जवळ आले. संध्याकाळपर्यंत माझ्याकडे चारच प्रती उरल्या. व्यापाऱ्याचा मुनीम समोरून दोनदा गेला. मी एक प्रत पुढे केली. त्यानं घेतली नाही.

त्यातली एक प्रत कशी कोण जाणे मैंदर्गीला पोचली. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. महिन्याभरानं तिथले एक शेतकरी दोन बस बदलून आमच्या गावात आले. साठीचे, कपाळाला भस्म, बोलण्यात कानडी मिसळलेलं. दारातूनच म्हणाले, "वही लिहिणारी अक्का कुठं हाय?" आंब्याची कलमं बांधण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. बिब्ब्याला ते गेरू म्हणायचे. पिशवीतून त्यांनी त्यांच्याकडच्या झाडांचे बिब्बे काढले, शाळेच्या वहीची चार पानं काढली. मराठी लिहिताना अडलं तिथं कानडीत लिहिलेलं.

"अक्का, तुमी दिलं ते घेतलो. आता माझं बी लिहून घ्या की."

त्यांना कलम येत होतं, पण बिब्ब्याचं कलम जगत नव्हतं. काडी कापली की चीक वाहायचा, जोड काळा पडायचा, हात उतायचे ते वेगळंच. मावशी ऐकत होती. ती म्हणाली, "कापल्या कापल्या कशाला बांदतासा? त्याला रडू द्या. रडून झालं की राखंत टेकवा, पुसा, मग बांदा." त्या पावसाळ्यात दोघांनी आमच्या परसात पिशव्यांतल्या रोपांवर कलमं बांधली. ते कानडी मिसळून बोलायचे, ती खेडवळ मराठी, आणि दोघांचं भांडणही व्हायचं. पहिली बरीच मेली. मग जगायला लागली. राखेची रीत, हाताला काय लावायचं, कधी कापायचं, हे सगळं वहीच्या नव्या पानात गेलं आणि पुन्हा झेरॉक्स निघाल्या.

पण ह्या सगळ्याची किंमत आधी दुसऱ्यांनी दिली, हे लिहायलाच हवं. बाजारात वही वाटली त्या वर्षी व्यापाऱ्यानं आमच्या गावातली गोडंबी घेतली नाही. निरोपही दिला नाही, नुसती गाडीच आली नाही. फोडणाऱ्या सात-आठ बाया माझ्या दारात आल्या. त्यातली एक म्हणाली, "तुमचा पगार हाय, बाई. तुमाला वही लिवायला काय जातंय? आमच्या चुलीचं काय?"

तिचं खरं होतं. मी लढायला निघाले होते आणि मार तिच्या पाठीवर पडला होता.

मावशीच बोलली. "रडाय आलासा का इचारायला? इचारायला आला आसाल तर बसा." तिनं सगळ्यांना ओसरीवर बसवलं आणि गोडंबी झाडाप्रमाणे निवडायला लावली. आजवर सगळी एकाच पोत्यात जायची, चांगली-वाईट मिसळून, आणि भाव वाईटाचा लागायचा. निवडलेली कागदी वेगळ्या पिशवीत दिसली तेव्हा बायाच ती एकमेकींना दाखवायला लागल्या. ती पिशवी घेऊन मी, मावशी आणि त्यातलीच एक बाई, अशा आम्ही तिघी सोलापुरात फिरलो. मधल्या मारुतीकडची सुक्यामेव्याची दुकानं, मग बाळंतिणीचे लाडू करून देणाऱ्या बायकांची घरं. पूर्व भागातल्या एका तेलुगू बाईनं बी दाताखाली धरली आणि म्हणाली, "अशी गोडंबी असते? आम्हाला आतापर्यंत काय विकत होते मग?" सगळी खपली नाही. पण चुली बंद पडल्या नाहीत. तरी ज्या बाईनं मला तो प्रश्न विचारला होता ती पुढच्या साली उसाच्या टोळीबरोबर गेली, परत फोडायला बसली नाही. ते माझ्या नावावर आहे.

दिरांनी इकडे झाडाच्या त्यांच्या बाजूला काटेरी तार मारली आणि व्यापाऱ्याला काड्या दिल्या. आमच्या बाजूच्या फांद्यांवरून मी मागेल त्याला काड्या देत राहिले. बांधावर आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो.

व्यापाऱ्यानं रानात बाग धरली. आणि मग एके दिवशी, भर दुपारी, त्याची गाडी मावशीच्या घरापुढे उभी राहिली. मी तिथेच होते. तो उतरला तेव्हा एका हाताला कोपरापर्यंत मलम लावलेलं होतं. कलमं सगळी गेली होती, गडी उतून पळाले होते, आणि आपण करून दाखवू म्हणून त्यानं स्वतः चाकू धरला होता.

मावशीनं त्याला खाली बसवलं. पोत्यावर, जिथे ती रोज बसते तिथेच. हात बघितला, खोबरेल लावलं, चिंचेचा पाला वाटून आणला. मग म्हणाली, "वहीत समदं लिवलंय की शेठ. बाजारात फुकट वाटली तवा तुमच्या माणसानं घेतली न्हाय."

तो म्हणाला, "मावशी, आता तरी सांगा. दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही, मी तुम्हाला..."

"दुसऱ्या कुणाला बी सांगणार. तुमाला बी सांगते. लपवून ठेवाय मी काय तुमी हाय का?"

आणि सांगितलं. राख, चीक, वेळ, सगळं. मला वाटत होतं हिनं एखादी गोष्ट तरी हातची राखावी. मी तिला नंतर तसं म्हटलंही. ती म्हणाली, "मग माज्यात आन त्याच्यात काय फरक ऱ्हायला?" त्याची बाग आता लागलीय. तो गोडंबी पुन्हा आमच्या गावातून घेतो, पण निवडलेली आणि झाडाचं नाव लिहिलेल्या पिशवीत. मी त्याला अजून चहापलीकडे काही विचारत नाही.

यंदा एक नवीन साहेब आले, तरुण. शिवारातल्या झाडांची माहिती गोळा करत होते. त्यांनी वही नीट बघितली, फोटो काढले, फॉर्म भरायला घेतला. माहिती देणाऱ्याचं नाव विचारलं, मी मावशीचं सांगितलं. पुढचा रकाना व्यवसायाचा होता.

"आजी, तुम्ही काय करता?"

"गोडंबी फोडते."

त्यांनी लिहिलं, मजूर.

मी म्हणाले, "साहेब, ते खोडा."

"का? रकान्यात तसंच बसतं."

"नाही बसत. ही तीन गावांतली झाडं नुसत्या टोल्यावरून ओळखते. तुम्ही, मी, कुणीच ओळखत नाही. जाणकार लिहा."

"अहो पण पर्यायांमध्ये..."

"मग कडेला लिहा. जागा आहे."

त्यांनी फॉर्म वळवून कडेची जागा बघितली. मावशी मला म्हणाली, "आगं ऱ्हाऊ दे की. त्यानं काय व्हतंय?"

"काही होत नाही," मी म्हणाले. "पण लिहायचं."

साहेबांनी मजूर खोडलं. कडेच्या जागेत, बारीक अक्षरात, जाणकार असं लिहिलं. मी फॉर्म त्यांच्या हातून घेतला, अक्षर वाचता येतं की नाही ते बघितलं, आणि मगच खाली मावशीचा अंगठा घेऊ दिला.